ताडगोळ्याचे एकावन्न पंचे

छापील चित्राखाली पेन्सिलीने ‘१७/५१’ असं लिहिलेलं असलं की बहुतेक जण पहिला आकडा बघतात, आपल्या वाट्याला कितवी प्रत आली ते. मी दुसरा बघते, एकूण किती प्रती काढल्या तो. एकावन्नच का? पन्नास किंवा शंभर का नाहीत? अनेकदा तो आकडा विक्रीचा अंदाज घेऊन आधीच ठरलेला असतो. वस्तू मोजक्या आहेत म्हटलं की भाव चढतो, हे सगळ्यांना माहीत आहे. यंदाच्या उन्हाळ्यासाठी आम्ही तिघांनी मलमलीचे पंचे, मातीच्या सुरया आणि ताडाच्या पानांचे पंखे केले. तिन्हींचे आकडे वेगवेगळे निघाले आणि त्यांतला एकही आम्ही आधी ठरवलेला नव्हता. ते आकडे कापडाने आणि भट्टीने ठरवले. तो सगळा खटाटोप इथे सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण अशा वस्तूंबद्दल बोलताना चित्रकाराचं नाव येतं, किंमत येते आणि मधलं काम कुणी सांगत नाही.

तिघं म्हणजे मी, मातीत काम करणारी माझी मैत्रीण आणि बांबू-पानांच्या वस्तू करणारा आमचा एक मित्र. ओळख जे. जे. कलाशाळेच्या आवारातली. मी कापडासाठी चित्रं काढते, त्यामुळे पंचा माझ्याकडे आला आणि मी मुख्यतः त्याबद्दलच लिहिणार आहे.

पंचाच का, तर उन्हाळ्यात मराठी घरात पंच्याइतकं राबणारं दुसरं कापड नाही. अंघोळीनंतर अंग पुसायला तोच, दुपारी बाहेर पडताना डोक्यावर तोच. माठाभोवती ओला करून गुंडाळतात, चक्का बांधायलाही जुना मऊ झालेला पंचा लागतो. सकाळी गॅलरीतल्या दोरीवर टाकला की नाश्ता होईपर्यंत वाळतो. आणि इतकं करूनही डिझाइन करावं असं कापड म्हणून त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. पांढरा कपडा, कडेला लाल किंवा हिरवी रेघ, झालं. मला त्यावर चित्र हवं होतं, पण चित्र आल्यावरही तो पंचाच राहायला हवा होता: पाणी टिपणारा, लवकर वाळणारा, धुऊन धुऊन मऊ होत जाणारा. भिंतीवर टांगायचं कापड मला करायचंच नव्हतं. पुढचं सगळं या तीन अटींनी ठरवलं.

चित्र ताडगोळ्याचं. उन्हाळी कापडावर आंबा आणि कोयरी येतेच, ताडगोळा क्वचितच दिसतो. मार्चच्या सुमारास पालघर, डहाणू, वसई या बाजूने टोपल्या यायला लागतात. स्टेशनबाहेर बसलेल्या मावशी ते जांभळट काळं फळ एका हातात फिरवत कोयत्याने वरून छाटतात आणि आतले तीन कप्पे उघडे पडतात. प्रत्येकात एक गोळा, वर पातळ पिवळसर साल, आत अर्धपारदर्शक गर आणि गराच्या पोटात थोडं पाणी. गोळा उजेडासमोर धरला की पलीकडचं बोट अंधुक दिसतं. मलमलही तशीच. पंचा उन्हात वाळत घातला की मागची दोरी दिसते. त्यामुळे ताडगोळा मलमलीवर शोभेल याबद्दल मला शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की तो पारदर्शकपणा दोन रंगांत कसा आणायचा. पंचे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापर्यंत तयार हवे होते, म्हणजे छपाई शिमग्याच्या आधी. त्या वेळी फळ बाजारात नसतं. म्हणून रेखाटनं मी आदल्या वैशाखातच करून ठेवली होती, फळं कापून, सोलून, काही नुसती बशीत ठेवून. उन्हाळ्याच्या वस्तूची तयारी आदल्या उन्हाळ्यात करावी लागते. या कामात पहिल्यांदा उतरणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

कापड मूळजी जेठा मार्केटमधून घेतलं. मंगलदास मार्केटमध्ये मीटरवर कापड मिळतं, रंगांची निवडही भरपूर. पण मला एकाच लॉटचे दोन तागे हवे होते, आणि त्यासाठी घाऊक पेढीच बरी. वेगवेगळ्या लॉटचं पांढरं सारखं नसतं. दुकानातल्या दिव्याखाली फरक कळत नाही, रंग चढला की कळतो. शेठजींनी तीन-चार प्रकारची मलमल गादीवर टाकली. मी ऐंशी नंबर सुताची घेतली. शंभर नंबरची आणखी तलम होती, बोटांत धरून सोडवेना. पण पंचा पिळला जातो, आपटला जातो, आणि ते तिला रोज सोसलं नसतं. पन्हा ४४ इंच, दोन तागे मिळून १०० मीटर.

पेढीवर मी एक गोष्ट नेहमी करते. पाण्याची बाटली बरोबर असते, तिच्या झाकणातून बोटाने एक थेंब कापडावर सोडायचा आणि बघत राहायचं. या मलमलीवर थेंब मण्यासारखा उभा राहिला. कापड कोरं होतं. विणताना ताण्याचं, म्हणजे उभं, सूत तुटू नये म्हणून त्याला कांजी लावलेली असते, शिवाय कापसाचं स्वतःचं मेणही असतं. हे दोन्ही निघाल्याशिवाय ना पाणी आत जातं ना रंग. ‘रंगाईला तयार’ असं विरंजन (ब्लीच) केलेलं कापडही मिळतं, पण चांगली धुऊन घेता येणारी कोरी मलमल मला जास्त भरवशाची वाटते.

धुलाई महालक्ष्मीच्या धोबीघाटावर झाली. पुलावरून फोटो काढणाऱ्यांना तिथली दगडी कुंडं आणि दोऱ्यांवरचे कपडे दिसतात. खाली उतरलं की कळतं, तिथे घरगुती कपड्यांच्या बरोबरीने नव्या मालाच्या धुलाईचंही मोठं काम चालतं. आमचे तागे सोडा आणि साबणाच्या गरम पाण्यात उकळून, खळबळून, उन्हात वाळवून परत आले तेव्हा १०० मीटरचे ९४ झाले होते. सहा मीटर आटले. हे आटणं आधी होऊ द्यायचं असतं. नाहीतर छापलेला गोल ताडगोळा ग्राहकाच्या घरी पहिल्याच धुण्यात लंबगोल होतो. मी पुन्हा थेंब सोडला. या वेळी तो पडताक्षणी पसरला आणि कापडात जिरला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

आता हिशेब. प्रत्येक पंचा दीड मीटरचा आणि दोन्ही टोकांना दुमडायला थोडी जागा, म्हणजे १.५५ मीटर. ५६ पंच्यांना जवळपास ८७ मीटर लागतात. उरलेले सात मीटर रंगाचे नमुने काढायला. कमी नमुन्यांत भागवून आणखी चार पंचे काढता आले असते, पण रंग नीट जुळायच्या आत नमुन्याचं कापड संपणं मला परवडणारं नव्हतं. तेव्हा ५६.

छपाई वडाळ्याला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात. गाळा ज्यांचा आहे त्यांना सगळे काकाच म्हणतात. त्यांचे वडील गिरणीच्या प्रिंटिंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या अनेकांना गिरणीचं फाटक पुन्हा आतून दिसलं नाही. काकांच्या वडिलांनी हाताला जे येत होतं तेच पुढे धरलं: आधी घरातच रुमाल छापले, मग भाड्याची जागा, मग हा गाळा. मुंबईच्या गिरण्यांबद्दल बोलताना आपण चिमण्या आणि मॉल यांच्यापाशी थांबतो. त्या खात्यांमधलं कसब असं गाळ्या-गाळ्यांतून अजून चालू आहे, आणि माझ्यासारखीचं काम त्याच्यावरच उभं आहे.

रंगाबद्दल काकांशी पहिली चर्चा झाली ती पिगमेंट की रिअ‍ॅक्टिव्ह यावर. पिगमेंट छापणं सोपं. त्यात बाइंडर असतो, तो रंगाला कापडाच्या पृष्ठभागावर चिकटवून ठेवतो, वरून उष्णता दिली की काम झालं. धुवायची फारशी कटकट नाही. पण बाइंडर म्हणजे शेवटी एक पातळ पापुद्रा. जिथे छाप तिथे मलमल कडक होते आणि पाणी टिपत नाही. पंच्याला ते चालणार नाही. रिअ‍ॅक्टिव्ह रंग वेगळा. तो कापसाच्या तंतूशी रासायनिक बंध जोडून बसतो, त्यामुळे कापडाचा हात, म्हणजे बोटांना लागणारा स्पर्श, बदलत नाही, आणि इतक्या झिरझिरीत मलमलीवर तो मागच्या बाजूलाही उतरतो. पंच्याला उलट-सुलट असं काही नसतं, तेव्हा मला तेच हवं होतं. हे रंग बाजारात आले १९५६ साली, इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने आणले. त्याआधी कापसावर इतका उजळ आणि पक्का रंग इतक्या सहज चढत नसे.

मात्र रिअ‍ॅक्टिव्हला शिस्त लागते. रंगाला घट्टपणा आणायला खळ लागते आणि ती पिठाची चालत नाही, कारण रंग कापसाशी जसा जुळतो तसाच पिठाशीही जुळून बसतो, मग छाप खरखरीत होते. म्हणून समुद्री शेवाळापासून काढलेलं सोडियम अल्जिनेट भिजवून त्याची लापशी करायची. त्यात ओलावा धरून ठेवायला युरिया आणि शेवटी खायचा सोडा. सोड्याशिवाय बंध जोडला जात नाही. पण सोडा पडला की रंग खळीतल्या पाण्याशीही हळूहळू अभिक्रिया करू लागतो आणि जितका वेळ बादली पडून राहील तितका त्याचा जोर उतरत जातो. मुंबईच्या उकाड्यात हे आणखी लवकर होतं. त्यामुळे सगळ्या पंच्यांचा रंग एकदाच कालवायचा आणि तो ताजा असतानाच छपाई उरकायची. फिका रंग तर दुसऱ्यांदा हुबेहूब जुळवणं फारच अवघड. आमचा पहिला रंग तसाच फिका होता, राखी आणि गुलाबी यांच्या मधला, ताडगोळ्याच्या गराचा. दुसरा गडद जांभळट तपकिरी, फळाच्या सालीचा. हे दोन जिथे एकमेकांवर येतील तिथे तिसरी छटा आपोआप निघायची होती. गोळ्याच्या पोटातलं पाणी दाखवायला मी तिथे काहीच छापलं नाही, मलमल तशीच ठेवली.

चौकटी लाकडी, त्यांवर ताणून बसवलेली जाळी, प्रत्येक रंगाची वेगळी. जाळीवर प्रकाशाने घट्ट होणारा लेप द्यायचा, वर चित्राची फिल्म ठेवून उजेड द्यायचा, मग पाण्याने धुवायचं. फिल्मवर काळं होतं तिथला लेप वाहून जातो आणि जाळीची भोकं मोकळी होतात. याबद्दल जास्त लिहीत नाही, कॉलेजातही शिकवतात.

टेबलावरचं काम मात्र कॉलेजात शिकता येत नाही. काकांचं टेबल गाळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाली ब्लँकेटची गादी. मलमलीतून रंग खाली उतरतो म्हणून आधी मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं सुती कापड, अंथरला, त्यावर मलमल ताणून टाचण्यांनी बसवली. हे ताणणं सगळ्यात नाजूक. मलमल जरा ओढली की वाकडी होते, आडवं सूत कमानीसारखं वळतं आणि सुटल्यावर चित्रही तिरकं होतं. काकांच्या दोन मदतनीसांपैकी एक जण तळहाताने कापड थोपटत थोपटत सरळ करत होता. डोळे किनारीवर, हात मधोमध. मग चौकट खुणेवर टेकवली. काका टेबलाच्या एका बाजूला, मदतनीस दुसऱ्या. काकांनी रबराची पट्टी रंगासकट मध्यापर्यंत ओढली, तिथून पलीकडच्याने धरली आणि शेवटपर्यंत नेली. दोघांचा दाब सारखाच. चौकट उचलली आणि मलमलीवर ओले, चकाकणारे गोळे.

“एक सोडून एक, ताई,” काका म्हणाले. शेजारचा पंचा लगेच छापला तर चौकटीची लाकडी कड ओल्या छापेवर टेकते. म्हणून पहिला, तिसरा, पाचवा असं करत टेबलाच्या टोकापर्यंत जायचं आणि ते सुकले की परत येऊन मधले भरायचे. दुसऱ्या रंगाच्या वेळी पुन्हा तसंच. तेव्हा मी प्रत्येक वेळी चौकट उतरताना खाली वाकून खूण बघत होते. सालीचा गडद रंग गराच्या कडेवर बरोबर चढला की तिसरी छटा रेघेसारखी बारीक दिसायची. सरकला की दिसायची ती जाड पट्टी. काकांनी मला बाजूला व्हायला सांगितलं नाही, उलट दोन पंचे मला ओढायला दिले. मी ओढलेल्या छापा आणि त्यांच्या छापा शेजारी ठेवल्या तर फरक कुणालाही ओळखता येईल. त्यांच्यात रंग सगळीकडे सारखा बसलाय, माझ्यात मधोमध जड आहे. त्या दोन प्रतीही संचात आहेत, त्या सदोष नाहीत. पण हात म्हणजे काय ते त्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या कापडांत स्वच्छ दिसतं.

छापलेलं कापड सुकल्यावर दिसायला पूर्ण वाटतं, पण रंग अजून पक्का झालेला नसतो. त्याला वाफ लागते. पंचे मांजरपाटाच्या थरांत गुंडाळून वाफेच्या पेटीत ठेवले. युरियाने धरलेला ओलावा आणि उष्णता मिळून रंग तंतूत शिरतो आणि जुळतो. गुंडाळी सैल ठेवली तर वाफेचे थेंब साचून डाग पडतात, घट्ट केली तर आतल्यांना वाफ पोचत नाही. पेटीतून बाहेर काढल्यावर फिका गुलाबी राखी रंग अंगभर जागा झाल्यासारखा दिसत होता.

मग धुणं, आणि माझ्या मते सगळ्यात जोखमीचं काम हेच. न जुळलेला जास्तीचा रंग कापडात असतोच. तो काढताना पांढऱ्या भागाला लागू द्यायचा नाही. म्हणून पहिलं पाणी गार, भरपूर आणि वाहतं. पंचा पाण्यात सोडला की जांभळा ढग उठायचा आणि मदतनीस तो हातात धरून सतत हलवत राहायचा, एक क्षणही घडी पडू द्यायचा नाही. घडी पडली की गडद छापेचा रंग समोरच्या पांढऱ्यावर उमटतो आणि तो मग निघत नाही. पाणी निवळ झाल्यावरच गरम साबणाचं पाणी, जवळजवळ उकळतं. त्यात खळ निघून जाते आणि कापडाचा हात परत येतो. शेवटच्या पाण्यातून काढलेला पहिला पंचा काकांनी पिळला, झटकला आणि माझ्या खांद्यावर टाकला. छाप कुठे आहे ते डोळे मिटून बोटांनी शोधून बघितलं. सापडली नाही.

आता आकड्याचं. ५६ मधले पाच बाजूला काढावे लागले. दोनांवर दुसरी चौकट दोन सुतांनी सरकली होती. एकावर रंगाचा थेंब सांडला होता. एकात विणकामातलाच दोष होता, तुटलेलं सूत छापल्यावर उठून दिसलं. आणि एकाच्या पांढऱ्यावर धुताना जांभळी झाक आली होती. उरले एकावन्न. हा आकडा ठरला, तो असा. पन्नास केले असते तर ऐकायला गोल वाटलं असतं, पण एक चांगला पंचा लपवावा लागला असता.

छपाईचे पैसे मात्र सगळ्या ५६ चे दिले. या धंद्यात खराब नगांचे पैसे छापणाऱ्याच्या बिलातून कापायची रीत सर्रास आहे. मला ती पटत नाही. हाताने छापायचं ठरवलं की काही नग जाणार हे माहीत असतं. हाताचं कौतुक ग्राहकाला सांगायचं आणि हाताचा तोटा कारागिराच्या माथी मारायचा, हा न्याय नव्हे.

प्रत्येक पंच्याच्या कोपऱ्यात नंबर हवा होता, आणि तो धुण्यात टिकायला हवा होता. धोब्यांची जुनी पद्धत बिब्ब्याची. बिब्ब्याच्या तेलाने घातलेली खूण कापड फाटेपर्यंत जात नाही. पण बिब्बा कातडीला उततो, आणि हे कापड तोंड पुसायचं. म्हणून नंबर सुई-दोऱ्याने घातले, सालीच्याच रंगाच्या दोऱ्याने, हातशिलाईच्या दुमडीजवळ. दुमडी आणि नंबर काळाचौकीच्या दोन ताईंनी घातले. त्यांचा सातचा आकडा इतका डौलदार आहे की सात, सतरा, सत्तावीस हे पंचे आधी गेले.

पंच्यासोबतच्या कार्डावर सगळ्यांची नावं छापली: चित्र कुणाचं, छपाई कुणाची, धुलाई कुणाची, शिलाई कुणाची, सारख्याच आकाराच्या अक्षरांत. काका आधी नको म्हणाले. “पैसे वेळेवर दिलेत, नाव कशाला?” मी हट्ट धरला, कारण या बाबतीत आपला इतिहास मला बोचतो. १९५६ मध्ये हातमागासाठी झटणाऱ्या पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने मुंबईत सरकारी विणकर सेवा केंद्र सुरू झालं. मोठमोठे चित्रकार तिथे नोकरी करत होते. प्रभाकर बरवे १९६१ मध्ये या सेवेत गेले, काही वर्षं वाराणसीच्या केंद्रात आणि मग मुंबईत. त्या काळात चित्रकार आणि विणकर एका छताखाली बसत होते, ही केवढी मोठी गोष्ट. आज बरवे आपल्याला नावाने माहीत आहेत, आणि असायलाच हवेत. त्यांच्या शेजारी मागावर बसलेल्यांपैकी एकाचंही नाव मला सांगता येत नाही. तिकडे युरोपात फ्रेंच चित्रकार मातीसने पॅरिसच्या घराच्या भिंतीवर कागदाचे पांढरे आकार कापून लावले आणि लंडनचे कापड-उत्पादक झिका आशर यांनी ते त्या भिंतीच्या रंगाच्या लिननवर छापले, फक्त तीस प्रती. आशर यांचं नाव त्या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. पण लिनन रंगवणारे, जाळी ओढणारे हात तिथेही कार्डावर नाहीत. काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मग माझ्या पोरांचीही नावं घाला.” दोन्ही मदतनीसांची घातली.

सुरया आणि पंख्यांबद्दल थोडक्यात. मैत्रिणीने धारावीच्या कुंभारवाड्यात, सौराष्ट्रातून पिढ्यांपूर्वी आलेल्या एका कुटुंबाच्या चाकावर सुरया घडवून घेतल्या, वर गेरूने ताडाच्या झावळ्या काढल्या आणि त्यांच्याच भट्टीत भाजल्या. त्या भट्ट्यांत सुती कचरा जळतो, कापडाच्या धंद्यातलाच उरलेला. सुरईला चकाकी दिली नाही, कारण पाणी झिरपून बाहेर येतं, उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे आतलं पाणी गार राहतं. मुंबईच्या दमट हवेत हे विदर्भाइतकं नीट होत नाही, तेही तिने कार्डावर लिहिलं. तीस घडवल्या, काही सुकताना तडकल्या, काही भट्टीत, हाती २२ आल्या. मित्राने ताडाची पानं भिजवून, दाबून, वाळवून पंखे केले आणि त्यांच्या कडा त्या पाच बाजूला काढलेल्या पंच्यांच्या पट्ट्यांनी बांधल्या. पट्ट्या पुरल्या तितके पंखे झाले, ३४.

मांडणी गिरगावात एका चाळीच्या छोट्या सभागृहात, चैत्रात. आंब्याची डाळ आणि पन्हं होतं. पंच्याची किंमत ११०० रुपये. एका काकूंनी पंचा हातात घेऊन तोंडावरच सांगितलं, “अगं, एवढ्यात माझ्याकडे आठ-दहा पंचे येतात.” त्यांचं खरंच होतं. मी त्यांना खर्चाचा कागद दाखवला, तो भिंतीवर लावलाच होता: कापड, धुलाई, जाळ्या, रंग, छपाई, शिलाई, जागा, आणि माझं काय. त्यांनी शांतपणे सगळा वाचला, पंचा घेतला नाही, पण शिलाईचा आकडा कमी वाटतोय असं म्हणाल्या. तो आकडा पुढच्या वेळी वाढवायचा आहे. त्या म्हणाल्या ते बरोबर होतं.

पंचे संपल्यावर एका दुकानदाराचा फोन आला, असेच तीनशे हवेत. जाळ्यांवरचा लेप काकांनी तोवर काढून टाकला होता. फिल्म माझ्याकडे आहे, पण तिच्यावर मी आडवी रेघ ओढून ठेवली आहे, जसं छापचित्रकार प्रती संपल्यावर आपल्या पत्र्यावर ओढतात. ज्यांनी एकावन्नातला एक म्हणून पंचा घेतला त्यांना दिलेला शब्द मोडायचा नव्हता. दुकानदाराला मी काकांचा नंबर दिला. रेघवाल्या साध्या पंच्यांचं मोठं काम त्यांनी घेतलंय, रिअ‍ॅक्टिव्हमध्येच.

पुढच्या उन्हाळ्यासाठी जांभूळ आणि करवंद यांच्यात घोळ चालू होता, तो मिटलाय. करवंदं. ती मे महिन्यातच मिळतात, म्हणून रेखाटनं आत्ताच चालू आहेत. पिकलेलं काळं, अर्धवट लाल आणि कच्चं हिरवं एकाच डहाळीवर असतं, त्यामुळे तीन जाळ्या लागतील असं काकांचं म्हणणं आहे. मला ते दोनांतच बसवायचं आहे. लाल आणि हिरवा एकमेकांवर चढवून काळ्याजवळ जाता येतं का, याचे नमुने आम्ही उरलेल्या मलमलीवर काढतो आहोत.